उमेदवारी मागे घ्यायची असेल तर : पुण्यातील नवख्या उमेदवारांसाठी

अर्ज कसा भरावा, शपथपत्रात काय लिहावे, पक्षाची अधिकृत उमेदवारी दाखवणारा एबी फॉर्म केव्हा जोडावा, याचे सल्ले देणारी माणसे पुण्यात पेठापेठांत सापडतात. भरलेला अर्ज मागे कसा घ्यावा हे विचारले की तीच माणसे हात झटकतात, कारण तोवर पक्षाचे नेते, नातलग, गल्लीतले कार्यकर्ते आणि समोरचा उमेदवार असे सगळेच त्या प्रश्नात ओढले गेलेले असतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र माघार ही एका पानाची लेखी कृती आहे. ती ठरलेल्या वेळेत, योग्य व्यक्तीच्या हातून आणि योग्य कार्यालयात झाली तरच ती माघार. पत्रकार परिषदेत, सभेत किंवा व्हॉट्सॲपवर केलेल्या घोषणेला निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या लेखी काहीही किंमत नसते. येथे मुख्यतः विधानसभा आणि लोकसभा निवडणुकीची पद्धत सांगितली आहे, कारण तिचे नियम लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ मध्ये स्पष्ट आहेत. महानगरपालिकेचा वेगळेपणा पुढे स्वतंत्रपणे येईल.

पहिली पायरी : तारीख आणि जागा पक्की करा

माघारीची शेवटची तारीख छाननीनंतरच्या दुसऱ्या दिवशी असते, आणि तो दिवस सार्वजनिक सुट्टीचा असल्यास सुट्टी नसलेला पुढचा दिवस धरला जातो. हा नियम कोरडा वाटतो, पण त्याने राजकारणाचा सगळा वेग बदलू शकतो. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत छाननी ३० ऑक्टोबरला झाली आणि मध्ये दिवाळी आली. लक्ष्मीपूजन, पाडवा आणि रविवारची भाऊबीज ओलांडून माघारीचा शेवटचा दिवस थेट ४ नोव्हेंबरवर गेला. एरवी दोन दिवसांत उरकणाऱ्या मनधरणीला त्या वर्षी फराळासकट भरपूर अवधी मिळाला. तेव्हा दिवस बोटांवर मोजत बसू नका. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने काढलेली जाहीर सूचना वाचा. माघारीची तारीख, वेळ, कार्यालयाचा पत्ता आणि सूचना कोणत्या अधिकाऱ्याकडे द्यायची, हे सगळे तीत लिहिलेले असते.

वेळ दुपारी तीनच्या आत, अशी आहे. पुणे शहरात वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, खडकवासला, पर्वती, हडपसर, पुणे कॅन्टोन्मेंट आणि कसबा पेठ असे आठ विधानसभा मतदारसंघ असून प्रत्येकाचा निवडणूक निर्णय अधिकारी वेगळा आणि कार्यालयही वेगळे असते. सरकारी काम म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालय, या सवयीने तिकडे गेलेल्या माणसाला योग्य इमारतीत पोहोचेपर्यंत तीन वाजून जाऊ शकतात. शेवटच्या दिवशी या कार्यालयांभोवती पोलिसांचा बंदोबस्त, वाहिन्यांचे कॅमेरे आणि कार्यकर्त्यांची गर्दी असते, हेही हिशेबात धरावे. आदल्या दिवशी जागा पाहून ठेवणे हा साधा उपाय आहे.

दुसरी पायरी : आपण मुळात उमेदवार आहोत का, ते पाहा

छाननीत अर्ज बाद झाला असेल तर मागे घेण्यासारखे काही उरतच नाही. खरा गोंधळ होतो तो पक्षाच्या पर्यायी उमेदवारांचा, ज्यांना बोलीभाषेत डमी म्हणतात. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (अर्जावर सही करून नाव सुचवणारा मतदार) पुरतो, तर अपक्षाला आणि इतरांना त्याच मतदारसंघातले दहा सूचक लागतात. पर्यायी उमेदवाराने एकाच सूचकाची सही घेऊन अर्ज भरला असेल आणि मुख्य उमेदवाराचा अर्ज वैध ठरला, तर पर्यायी उमेदवाराचा अर्ज छाननीतच निकाली निघतो. पण उत्साहाच्या भरात किंवा मनात काही ठेवून त्याने दहा सूचकांच्या सह्या घेतल्या असतील, तर तो अपक्ष म्हणून रिंगणात राहतो आणि त्याला स्वतः माघार घ्यावी लागते. डमी म्हणून नाव दिलेल्या नवख्या कार्यकर्त्याने आपल्या अर्जावर किती सूचक आहेत, हे छाननीच्या संध्याकाळी तपासलेच पाहिजे, नाहीतर मतदान यंत्रावर स्वतःचे नाव पाहण्याची वेळ येते.

एका मतदारसंघात जास्तीत जास्त चार नामनिर्देशनपत्रे भरता येतात. चार भरली म्हणून माघारीच्या चार सूचना द्याव्या लागत नाहीत. मागे घेतली जाते ती उमेदवारी, एखादा कागद नव्हे. एक संच ठेवून बाकीचे मागे घेतो, असा प्रकार माघारीत नाही. दोन मतदारसंघांतून उभे असाल तर मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळी सूचना द्यावी लागेल.

तिसरी पायरी : निर्णय कशाच्या बदल्यात घेत आहात, हे तपासा

या पायरीवर थोडे रेंगाळणे भाग आहे, कारण नवखा माणूस अडचणीत येतो तो येथेच. माघारीच्या आदल्या रात्री घरी येणारी माणसे कधी मोठेपणाची भाषा बोलतात, कधी जुने उपकार काढतात, आणि कधी त्यांच्या बोलण्यात रकमेचा किंवा नोकरीचा उल्लेख येतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२३ नुसार, उमेदवाराने माघार घ्यावी किंवा घेऊ नये यासाठी त्याला लाभ देणे हे लाचखोरीचे भ्रष्ट आचरण आहे. आणि त्यासाठी लाभ घेणारा त्याच कलमात येतो. लाभ म्हणजे रोख रक्कमच असे नाही, कारण सर्व प्रकारच्या मेजवान्या आणि मोबदल्याची नोकरीही कायद्याने त्यात धरली आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १६९ मध्ये निवडणूकविषयक हक्काच्या व्याख्येतच उमेदवारी मागे घेण्याचा हक्क येतो. त्यामुळे पैशाने किंवा धाकाने तो हक्क वापरायला लावणे हा एक वर्षापर्यंतच्या कैदेची तरतूद असलेला गुन्हा ठरतो.

गावपातळीवर हा व्यवहार उघडपणे होतो आणि त्याला गावाचा एकोपा असे गोड नावही मिळते. नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या गावांत ग्रामपंचायतीच्या पदांसाठी लिलाव झाल्याचे समोर आल्यावर, जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने तेथील निवडणूकच रद्द केली होती. देणगी मंदिराला दिली की शाळेला, याने त्या व्यवहाराचे स्वरूप बदलत नाही.

राजकीय कारणाने, पक्षाच्या विनंतीवरून किंवा स्वतःच्या बळाचा अंदाज आल्यामुळे माघार घेणे पूर्णपणे कायदेशीर आहे, आणि माझ्या मते त्यात कमीपणाही नाही. बंडोबा थंडोबा झाले अशा मथळ्यांनी वर्तमानपत्रे चिमटे काढतात खरे, पण पक्ष बंडखोरामागे का धावतात हे पिंपरी-चिंचवडकरांना वेगळे सांगायला नको. फेब्रुवारी २०२३ मध्ये कसबा पेठ आणि चिंचवड येथे एकाच वेळी पोटनिवडणूक झाली. कसब्यात काँग्रेसच्या बंडखोराने माघार घेतली आणि पक्षाचे रवींद्र धंगेकर निवडून आले. चिंचवडमध्ये राहुल कलाटे अपक्ष म्हणून ठाम राहिले. त्यांना सुमारे ४४,००० मते मिळाली आणि भाजपच्या अश्विनी जगताप यांनी राष्ट्रवादी काँग्रेसचे नाना काटे यांना सुमारे ३६,००० मतांनी हरवले. ती मते नाही तर कोणाकडे गेली असती, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही, पण शेवटच्या दिवशी फोन का वाजत राहतात याचा उलगडा या दोन आकड्यांतून होतो.

चौथी पायरी : सूचना लिहा

माघारीची सूचना नमुना ५ मध्ये द्यावी लागते. तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात मिळतो. त्यात निवडणुकीचे आणि मतदारसंघाचे नाव, उमेदवाराचे नाव, माघार घेत असल्याचे विधान, ठिकाण, तारीख आणि सही एवढेच असते. माघारीचे कारण लिहायची गरज नाही आणि ते लिहूही नये. कोणाला पाठिंबा देत आहात, कोणी अन्याय केला, कोणाच्या शब्दाला मान दिला, हे सगळे पत्रकारांसाठी राखून ठेवावे. सही नामनिर्देशनपत्रावर केली तशीच करावी, कारण सूचना खरी असल्याची आणि ती देणाऱ्याची ओळख पटल्याची खात्री करणे हे अधिकाऱ्याचे काम आहे, आणि वेगळी सही पाहून त्याने थांबवले तर त्यात वेळ तुमचाच जाणार आहे.

पाचवी पायरी : कोणी नेऊन द्यायची

सर्वांत उत्तम म्हणजे उमेदवाराने स्वतः जावे. ते शक्य नसेल तर सूचक किंवा निवडणूक प्रतिनिधी ही सूचना देऊ शकतो; मात्र त्याला त्या कामासाठी उमेदवाराने लेखी अधिकार दिलेला असला पाहिजे. केवळ सूचक असणे किंवा निवडणूक प्रतिनिधी म्हणून आधीच नेमलेला असणे पुरेसे नाही, तर ‘माझ्या वतीने माघारीची सूचना सादर करण्यास’ अशा अर्थाचे सहीचे पत्र हवे. भाऊ, पत्नी, वकील, पक्षाचा शहराध्यक्ष यांपैकी कोणी सूचक किंवा निवडणूक प्रतिनिधी नसेल, तर त्याच्या हाती दिलेली सूचना चालत नाही, मग तो माणूस कितीही वजनदार असो. टपालाने, ईमेलने किंवा मोबाईलवरून पाठवलेला कागदही या तरतुदीत बसत नाही. छायाचित्र असलेले ओळखपत्र सोबत ठेवा.

एकदा सूचना दिली की ती रद्द करता येत नाही. कायद्याने हे एका छोट्या उपकलमात सांगितले आहे आणि त्याला अपवाद ठेवलेला नाही. सकाळी अकराला माघार घेतली, एक वाजता कार्यकर्ते दारात येऊन बसले, दोन वाजता मन बदलले, तरी घड्याळात तासभर शिल्लक असल्याचा काही उपयोग नाही. मन डळमळीत असेल तर सूचना खिशात ठेवून दोनपर्यंत थांबणे चुकीचे नाही, पण अडीचनंतरचा प्रत्येक मिनिट हा जुगार आहे.

या नियमाची पक्षांना बसणारी झळ कोल्हापूर उत्तरमध्ये दिसली. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने तेथे आधी राजेश लाटकर यांचे नाव जाहीर केले, मग ते बदलून मधुरिमाराजे छत्रपती यांना उमेदवारी दिली, आणि ४ नोव्हेंबरला मुदत संपता संपता मधुरिमाराजेंनी माघार घेतली. अर्ज भरण्याची मुदत केव्हाच संपलेली असल्याने पक्षाला नवा उमेदवार देता येईना. परिणामी त्या मतदारसंघात हाताचे चिन्ह यंत्रावर आलेच नाही आणि पक्षाला अपक्ष राहिलेल्या लाटकरांच्या मागे उभे राहावे लागले. अधिकृत उमेदवार म्हणून माघार घेणाऱ्याने हा परिणाम पक्षाशी आधी बोलून घ्यावा, एवढी अपेक्षा रास्त आहे.

सहावी पायरी : पोच घ्या आणि यादी पाहा

नमुना ५ च्या खालच्या भागात पोच असते. तीवर सूचना मिळाल्याची तारीख आणि वेळ आहे ना, अधिकाऱ्याची सही आहे ना, हे तेथेच पाहून घ्या. त्यानंतर अधिकारी ती सूचना कार्यालयात ठळक जागी लावतो. मुदत संपल्यावर निवडणूक लढवणाऱ्या उमेदवारांची अंतिम यादी नमुना ७-अ मध्ये तयार होते आणि चिन्हांचे वाटप होते. त्या यादीत आपले नाव नाही, हे स्वतः पाहिल्याशिवाय काम संपले असे मानू नका.

या यादीवर प्रशासनाची पुढची सगळी मांडणी अवलंबून असते. एका बॅलट युनिटवर, म्हणजे मतदान यंत्राच्या बटणांच्या भागावर, सोळा ओळी असतात आणि शेवटची ओळ नोटाची (यांपैकी कोणीही नाही) असते, म्हणजे पंधरा उमेदवारांपर्यंत एक युनिट पुरते. सोळावा उमेदवार राहिला की प्रत्येक मतदान केंद्रावर दुसरे युनिट लावावे लागते. शेवटच्या तासात एका अपक्षाने घेतलेल्या माघारीने शेकडो यंत्रांची ने-आण वाचू शकते, म्हणून पोच देणाऱ्या अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर कधी कधी समाधान दिसते ते काही राजकीय नसते.

बाकी सर्वांनी माघार घेतली आणि जागेइतकाच उमेदवार उरला तर तो बिनविरोध निवडून आल्याचे जाहीर होते; एप्रिल २०२४ मध्ये सुरत लोकसभा मतदारसंघात काँग्रेस उमेदवाराचा अर्ज बाद झाल्यावर आणि इतरांनी माघार घेतल्यावर मुकेश दलाल यांची निवड अशीच झाली. पण प्रमुख प्रतिस्पर्धी हटला की निवडणूक टळतेच असे नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबईतील अंधेरी पूर्वच्या पोटनिवडणुकीतून भाजपचे मुरजी पटेल यांनी माघार घेतली, तरी इतर उमेदवार उरल्याने मतदान झालेच, ऋतुजा लटके विजयी झाल्या आणि दुसऱ्या क्रमांकाची मते नोटाला पडली.

महानगरपालिकेत काय वेगळे आहे

पुणे महानगरपालिकेची निवडणूक भारत निवडणूक आयोग नव्हे तर राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यामुळे नियम वेगळे आणि नमुनेही वेगळे असतात. विधानसभेच्या वेळचा जुना नमुना ५ कपाटातून काढून भरू नये. प्रभागाच्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडून चालू निवडणुकीचा कागद घ्यावा. ही कार्यालये साधारणपणे क्षेत्रीय कार्यालयांच्या पातळीवर असतात. गेल्या निवडणुकीत अर्ज भरण्याची मुदत ३० डिसेंबर २०२५ पर्यंत होती, ३१ ला छाननी झाली आणि माघारीसाठी २ जानेवारी २०२६ पर्यंतचा वेळ होता. एवढ्या थोड्या वेळात ४१ प्रभागांतील १६५ जागांच्या बंडखोरांची समजूत काढण्याचे काम सर्वच पक्षांच्या वाट्याला आले.

बहुसदस्यीय प्रभागात अ, ब, क, ड अशा स्वतंत्र जागा असतात आणि प्रत्येक जागेची लढत वेगळी असते. माघारीच्या कागदावर प्रभाग क्रमांकाबरोबर जागेचे अक्षरही बिनचूक लिहिले पाहिजे. पॅनेलमधल्या चौघांपैकी एकाने माघार घेतली तर उरलेल्या तिघांच्या उमेदवारीला कायद्याने धक्का लागत नाही. प्रचारपत्रके मात्र नव्याने छापावी लागतात.

माघारीचा अवधी ही उमेदवारावर केलेली मेहेरबानी नसून त्याचा हक्क आहे, याचे उदाहरण पुणे जिल्ह्यातच नुकतेच घडले. नगरपरिषदांच्या निवडणुकीत अर्जाबाबतच्या निर्णयाविरुद्ध न्यायालयात अपील करता येते आणि अपिलाचा निकाल लागल्यानंतर माघारीसाठी ठरावीक दिवस द्यावे लागतात. २०२५ मध्ये काही ठिकाणी अपिलांचे निकाल उशिरा लागले आणि तो अवधी मिळाला नाही. तेव्हा राज्य निवडणूक आयोगाने अशा ठिकाणचे २ डिसेंबरचे मतदान २० डिसेंबरवर ढकलले. बारामती आणि फुरसुंगी-उरुळी देवाची या नगरपरिषदा त्यांत होत्या. आपल्या ठिकाणी अपील प्रलंबित असेल तर माघारीची तारीख पुन्हा विचारून घ्यावी.

अनामत रक्कम आणि खर्चाचा हिशेब

विधानसभेसाठी अनामत १०,००० रुपये आणि लोकसभेसाठी २५,००० रुपये असते; उमेदवार अनुसूचित जाती किंवा जमातीचा असल्यास ती निम्मी होते, आणि हे उमेदवारावर अवलंबून आहे, जागा राखीव आहे की नाही यावर नव्हे. वेळेत माघार घेणाऱ्याचे नाव अंतिम यादीत नसते, त्यामुळे त्याची अनामत जप्त होत नाही, परत मिळते. ती भरल्याची पावती किंवा चलन जपून ठेवावे आणि यादी प्रसिद्ध झाल्यावर परताव्यासाठी लेखी अर्ज करावा. आपोआप पैसे येतील म्हणून वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

तीन वाजून गेले आणि माघार राहिली, तर मग कोणाला पाठिंबा जाहीर केला तरी तुम्ही कायद्याने उमेदवारच राहता. नाव आणि चिन्ह यंत्रावर येते, एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास अनामत जाते, आणि निवडणूक लढवणारा उमेदवार म्हणून निकालाच्या तारखेपासून तीस दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे खर्चाचा हिशेब सादर करावा लागतो. हा हिशेब नामनिर्देशनाच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा असतो. प्रचारच केला नाही तर हिशेब कसला, असे म्हणून तो टाळणाऱ्याला निवडणूक आयोग कलम १०-अ खाली तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. खर्च शून्य असला तरी शून्याचा हिशेब सहीनिशी द्यावा आणि त्याचीही पोच घ्यावी.